मेणाची आकृती : मधूच्छिष्टविधानापासून सुरतेच्या कास्टिंगपर्यंत

मेण मधमाशीच्या अंगातून पाझरते. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून निघालेले पातळ पापुद्रे ती तोंडाने मळते आणि पोळ्याचे षटकोन उभारते. हे द्रव्य हाताच्या उबेने नरम पडते, साधारण ६३ अंश सेल्सिअसला वितळते, पाण्याने भिजत नाही आणि कुजत नाही. बोट दाबले तर बोटावरच्या रेषाही त्यावर उमटतात. चिऊताईचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ही गोष्ट मराठी मूल बोलायला लागताच ऐकते. पावसात शेण वाहून जाते आणि मेण टिकते, हा त्या गोष्टीतला पदार्थविज्ञानाचा भाग पूर्णपणे खरा आहे. गोष्टीत न आलेली बाजू उन्हाची आहे. पाण्याला न जुमानणारे मेण आचेपुढे काही क्षणांत आकार सोडते. माणसाने मेणाच्या आकृतींचे जे काही केले ते या दोन गुणांच्या जोरावर केले. एका परंपरेने मेणाचे टिकणे वापरले, दुसरीने त्याचे वितळणे.

पहिली परंपरा लोकांना अधिक ठाऊक आहे. प्राचीन रोममध्ये सरदार घराण्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवलेले असत आणि घरात मृत्यू झाला की ते अंत्ययात्रेत मिरवले जात. पॉलिबियस आणि प्लिनी या दोघांनीही त्यांचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या ‘ला स्पेकोला’ या संग्रहालयाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेच्या मेणाच्या प्रतिकृती करवून घेतल्या. शिरा, स्नायू आणि आतडी खऱ्याच रंगांत दाखवणाऱ्या त्या प्रतिकृती आजही पाहायला मिळतात. स्ट्रासबर्गला १७६१ मध्ये जन्मलेली मारी ग्रोशोल्त्स ही फिलिप कुर्तियस नावाच्या वैद्याकडून ही कला शिकली, फ्रेंच राज्यक्रांतीतून बचावली, १८०२ मध्ये इंग्लंडला गेली आणि १८३५ मध्ये तिने लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कायमचे प्रदर्शन थाटले. लग्नानंतरचे तिचे नाव मादाम तुसाँ. तिच्या नावाचे संग्रहालय २०१७ मध्ये दिल्लीतही उघडले होते; ते २०२० मध्ये बंद झाले. महाराष्ट्रात लोणावळ्याला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत वरसोलीजवळ सुनील कंडलूर या केरळच्या कलावंताचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय आहे. चिक्की घेऊन परतणारी बरीच कुटुंबे तिथे पुढाऱ्यांच्या आणि नटांच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेतात.

अशा पुतळ्यात मेण बरेच उशिरा येते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आधी व्यक्तीची मापे आणि छायाचित्रे घेऊन मातीचे डोके घडवतात. त्यावरून प्लास्टरचा साचा काढतात आणि साच्यात वितळलेले मेण ओततात. केस एकेक करून तापलेल्या सुईने खोचले जातात, डोळे वेगळे बनवून बसवले जातात आणि त्वचेवर रंगाचे थर चढवले जातात. मेण असते ते डोके आणि हात यांपुरते. कपड्यांच्या आतले धड बहुधा फायबरचे असते. कारागिरी मोठी, पण हेतू एवढाच की पाहणाऱ्याने क्षणभर फसावे. त्या फसण्याची मौज ओसरली की पुतळ्यात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. ज्याचा पुतळा आहे तो माणूस लोकांच्या आठवणीतून गेला की पुतळाही दालनातून जातो.

नवसाच्या मेणाची गोष्ट वेगळी. वांद्र्याच्या डोंगरावरील माउंट मेरीला कोळी लोक मोत माउली म्हणतात. सप्टेंबरात तिचा सण आणि आठवड्याची जत्रा असते. चढाच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही मुले, घरे मांडून विक्रेते बसतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवे असेल तर मेणाचे मूल, मुंबईत घर हवे असेल तर मेणाचे घर वाहायचे. ख्रिस्ती, हिंदू, पारशी सगळेच वाहतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्येही हीच रीत आहे. गोव्यात डिसेंबरच्या आरंभी सेंट झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात अशाच आकृती विकल्या जातात. देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहणाऱ्या मराठी माणसाला हे परके वाटत नाही. या आकृती कोणासारख्या दिसत नाहीत, आणि दिसण्याची गरजही नाही. एकाच साच्यातून निघालेला पाय शेकडो लोकांच्या पायाच्या जागी उभा राहतो. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचे हे काम मेणाला संग्रहालयातल्या हुबेहूबपणापेक्षा अधिक साधते, आणि दुसरी परंपरा पूर्णपणे त्यावरच उभी आहे.

त्या परंपरेत मेणाची आकृती घडवायची, तिच्यावर माती लिंपायची, माती वाळली की तापवायची, मेण वितळून बाहेर काढायचे आणि आत राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. धातू निवाला की माती फोडायची. संस्कृतात या रीतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मध काढून घेतल्यावर उरलेले ते मधूच्छिष्ट, म्हणजे मेण. सिक्थ हा त्याचाच दुसरा शब्द. ‘मानसार’ या शिल्पग्रंथात या विधीला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे.

कृती मात्र ग्रंथांहून फार जुनी आहे. मोहेंजोदडोला १९२६ मध्ये सापडलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची कांस्याची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे. महाराष्ट्रात श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला १९७४ मध्ये भरीव ओतीव कामाच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकत्र वजन साठ किलोहून अधिक भरते. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण एवढा धातू एका वेळी वितळवून निर्दोष ओतणाऱ्या हातांच्या कौशल्याबद्दल कोणालाच शंका नाही. सुरतेच्या उत्तरेला बडोद्याजवळ अकोटा येथे १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा उजेडात आला. उमाकांत शाह यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्या मूर्ती आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. सहाव्या ते अकराव्या शतकांत पश्चिम भारतात मेणावर काम करणारे हात किती सफाईचे होते, हे त्या साठ्यातील जीवंतस्वामीच्या, म्हणजे राजवेषातील महावीराच्या, मुकुटावरून आणि चवरीधारिणीच्या वळणावरून दिसते. ‘मेणावर’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. चवरी धरलेल्या हाताची लय, ओठांची कड, वस्त्राची चुणी हे सारे धातूत कोरलेले नाही. ते मेणात घडले आणि धातूने जसेच्या तसे घेतले. संग्रहालयाच्या पाटीवर मात्र ‘कांस्य’ एवढेच लिहिलेले असते.

या विधीचे अतिशय तपशीलवार वर्णन करणारा ग्रंथ मराठी प्रदेशाच्या अगदी उंबऱ्यावर लिहिला गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पावात सिद्ध झाला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आजही तिथे मराठी बोलली जाते. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही प्रसिद्ध नोंद याच ग्रंथातली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो ग. के. श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली छापला आणि त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये आला. राजाने स्वयंपाक, हत्ती, गाणे, शिकार यांच्याबरोबर मूर्ती ओतण्याचीही माहिती द्यावी, यात त्या ग्रंथाचा सगळा स्वभाव आला.

सोमेश्वराचा क्रम असा. शास्त्रोक्त प्रमाणात मेणाची मूर्ती घडवावी. तिच्या अंगाला मेणाच्याच नळ्या जोडाव्यात आणि नळ्यांची तोंडे धोतऱ्याच्या फुलासारखी पसरट ठेवावीत. मग लेपाची माती करावी : जाळलेला तूस, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती पाट्यावर वाटावी. पहिला लेप पातळ द्यावा आणि सावलीत वाळवावा. दोन दिवसांनी दुसरा, तो वाळल्यावर तिसरा, आणि हा तिसरा जाड असावा. नळ्यांची तोंडे उघडी ठेवावीत. साचा तापवून मेण काढून टाकावे आणि तापलेल्या साच्यात धातूचा रस नळीतून अखंड धारेने सोडावा. निवल्यावर माती हलक्या हाताने फोडावी, नळ्या कापाव्यात आणि मूर्ती उजळावी. प्रत्येक पायरीमागे कारण आहे. तुसाची राख आणि कापूस मातीला सच्छिद्र करतात, म्हणून आतली हवा आणि वाफ कोंडत नाही. पहिला लेप पातळ असतो, कारण नाकडोळ्यांच्या बारीक रेषा त्यालाच टिपायच्या असतात. सावलीत वाळवायचे, कारण उन्हात माती तडकते आणि मेण ओघळते. नळीचे तोंड पसरट, कारण रस ओतणाऱ्याचा हात आगीपाशी स्थिर राहात नाही.

सर्वांत मोलाची सूचना वजनाची आहे. लेप देण्याआधी मेणाची मूर्ती तोलावी आणि त्यावरून धातू किती घ्यायचा ते ठरवावे. चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट. हिशेब घनतेचा आहे. मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी, चांदीची पाण्याच्या साडेदहापट, शुद्ध सोन्याची १९.३ पट. म्हणजे तेवढ्याच आकाराला चांदी मेणाच्या सुमारे अकरापट लागते. बारापट घेतली तर नळ्यांपुरती शिल्लक राहते. शुद्ध सोने मात्र वीसपट लागेल आणि सोळापट सोन्यात मूर्ती अपुरी राहील. तेव्हा सोमेश्वराचा सोनार मिश्र सोने वापरत असला पाहिजे, असा तर्क करता येतो. आजच्या अठरा कॅरेट सोन्याची घनता पंधरा-साडेपंधराच्या घरात असते आणि मधमाशीच्या मेणाशी तिचे प्रमाण जवळजवळ नेमके सोळास एक भरते. आज सुरतेच्या दागिन्यांच्या कारखान्यात कास्टिंग, म्हणजे ओतकाम, करणारा माणूस तराजूवर मेणाच्या आकृती ठेवून कॅल्क्युलेटरवर जो आकडा गुणतो, तो पंधरा आणि सोळा यांच्यामध्येच कुठेतरी असतो. त्याने ‘मानसोल्लास’ वाचलेला नसतो. वाचण्याची गरजही नसते, कारण धातू आणि मेण यांच्या घनतांचे प्रमाण जवळजवळ तेच आहे.

ही विद्या ग्रंथांत कोंडून राहिली नाही. तमिळनाडूत स्वामीमलैचे स्थपती आजही मेणात राळ आणि तेल मिसळून मूर्ती घडवतात आणि कावेरीच्या गाळाचा पहिला लेप देतात. त्यांच्या मूर्ती भरीव असतात. बस्तरचे घडवे मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून पोकळ मूर्ती करतात. त्या तारांचे वळसे पितळेत तसेच उमटतात आणि तीच त्या कामाची ओळख आहे. शास्त्रात या दोन प्रकारांना घन आणि सुषिर अशी नावे आहेत. महाराष्ट्रात ओतारी समाज पिढ्यानपिढ्या जोडवी, घुंगरे, घंटा आणि देव्हाऱ्यातले देव ओतत आला. मराठी घरातल्या पितळी बाळकृष्णाचा मूळ आकार कोणत्यातरी ओताऱ्याने घडवला, पण त्याचे नाव त्या घराला कधी ठाऊक नव्हते.

सोनाराच्या कामात मात्र ही रीत बराच काळ दुय्यम होती. दागिना पत्रा ठोकून, तार ओढून, झाळून बनत असे. एक मेण, एक साचा, एक वस्तू हा हिशेब रोजच्या दागिन्याला परवडणारा नव्हता. तो बदलला तो अमेरिकेतील एका दंतवैद्यामुळे. दातात सोने भरण्यासाठी विल्यम टॅगर्ट याने १९०७ मध्ये दाताच्या पोकळीचे मेणात माप घेऊन तेच सोन्यात ओतण्याची पद्धत जाहीर केली. बारीक, मापाबरहुकूम ओतकाम करता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे युंगरसेन नावाच्या संशोधकाने मूळ दागिन्यावरून रबराचा साचा करून त्यातून हवी तितकी मेणे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट १९३८ मध्ये मिळवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्ये ते रद्दबातल ठरवले. हे सारे सोळाव्या शतकातील इटालियन सोनार बेन्वेनुतो चेल्लिनीच्या काळापासून जवळपास ठाऊकच होते, असा त्या निकालाचा रोख होता. न्यायालयासमोर बडोद्याचा छापील ‘मानसोल्लास’ ठेवला गेला असता तर निदान मेण वितळवून ओतण्याची तारीख आणखी चारशे वर्षे मागे गेली असती. रबराच्या साच्याचा उपयोग मात्र पेटंटावर अवलंबून नव्हता. एका मूळ नमुन्यावरून शेकडो मेणे निघू लागली आणि ओतीव दागिना हा कारखान्याचा माल झाला.

या कारखानदारीत पुढे आलेल्या सुरतेला मेणासारख्याच आचेने मऊ होणाऱ्या लाखेचा व्यवहार जुना आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने नोंदवले आहे की सुरतेत काही स्त्रिया रंग काढून घेतलेली लाख निवडून, तिला हवा तो रंग देऊन, मोहरेच्या कांड्या करून पोट भरतात आणि ती लाख इंग्रज आणि डच कंपन्या परदेशी पाठवतात. युरोपातल्या लिफाफ्यांवर सुरतेच्या बायकांनी वळलेल्या कांडीची मोहर उठत होती. मराठी माणसाला सुरत आठवते ती लुटीच्या १६६४ आणि १६७० या दोन सालांसाठी. पण त्या सालांतही शहराचा श्वास अशाच कामांवर चालला होता.

हिऱ्यांचे शहर ही सुरतेची ओळख विसाव्या शतकातली. आज जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरत आणि तिच्या आसपास घासले जातात, असे सर्वत्र सांगितले जाते. खजोदला उभारलेल्या डायमंड बोर्सचे १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झाले आणि त्यात साडेचार हजारांच्या वर कार्यालयांची सोय आहे. हिरा घासणे आणि दागिना बनवणे हे मात्र वेगळे धंदे आहेत. बराच काळ सुरतेने घासलेला हिरा दागिन्यात बसायला मुंबईला किंवा परदेशी जात असे. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात जडाऊ दागिन्यांची कारखानदारी वाढली आणि तिथे हजारो मराठी मुलामुलींनी हे काम आत्मसात केले. सुरतेजवळ सचिनचे विशेष आर्थिक क्षेत्र आणि पुढे इच्छापोरचे जेम्स अँड ज्वेलरी पार्क झाल्यावर दागिना सुरतेतही बनू लागला. त्याबरोबर मेण आले.

कारखान्यातले हे मेण मधमाशीचे क्वचितच असते. पॅराफिन, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचे कार्नौबा आणि राळेसारखी द्रव्ये मिसळून ते तयार होते आणि रंगावरून त्याचा कडकपणा ओळखला जातो. संगणकावर आखलेल्या अंगठीचा मूळ नमुना चांदीत बनतो. तो प्रत्यक्ष मापापेक्षा दोन-तीन टक्के मोठा ठेवतात, कारण रबर, मेण आणि धातू तिन्ही आकसतात. नमुन्याभोवती रबराचे थर दाबून साधारण दीडशे अंशाला साचा शिजवतात आणि तो धारदार पात्याने दोन भागांत कापतात. ही रबर कटिंग फार नाजूक असते. सांधा चुकीच्या जागी आला तर प्रत्येक मेणावर त्याची रेघ येते आणि ती पुढे प्रत्येक अंगठीवरून घासून काढावी लागते. साच्याच्या तोंडाशी सत्तर अंशांच्या आसपास तापलेले मेण दाबाने सोडले की काही सेकंदांत आत अंगठी तयार होते. तिला वॅक्स पीस म्हणतात. हवेचा बुडबुडा राहिला, कड अपुरी भरली किंवा खालचा भाग वाकला की तो पीस पुन्हा वितळवतात. सोन्यात गेलेला दोष महागात पडतो, मेणात सापडलेला फुकटात सुटतो. म्हणून कारखान्यात सर्वांत कडक डोळा मेणाच्या टेबलावर असतो. बऱ्याच ठिकाणी त्या टेबलावर स्त्रिया बसतात.

निवडलेले पीस मेणाच्याच एका खोडाला तिरपे चिकटवतात. त्याला ट्री म्हणतात, आणि तो खरोखरच झाडासारखा दिसतो. झाड तोलायचे, वजन लिहायचे, ते पोलादी नळकांड्यात उभे करायचे आणि त्यावर जिप्सम आणि सिलिकेच्या बारीक चूर्णाचे पाणी ओतायचे. पंपाने हवा खेचून प्लास्टरमधले बुडबुडे काढतात. एक बुडबुडा मेणाला चिकटून राहिला तर अंगठीवर सोन्याचा गोळा उगवतो. प्लास्टर घट्ट झाले की नळकांडे उलटे करून वाफेने किंवा भट्टीत मेण काढतात आणि रात्रभर टप्प्याटप्प्याने उष्णता चढवत साधारण ७३० अंशांपर्यंत नेतात, म्हणजे मेणाचा काजळीएवढाही अंश राहात नाही. पुढे उष्णता वाढवली तर जिप्सम विघटित होते आणि त्यातून निघणाऱ्या वायूने सोने भोकाभोकांचे येते. प्लॅटिनम सुमारे १७६८ अंशांना वितळते, त्याला हे प्लास्टर चालतच नाही आणि वेगळ्या बांधणीचे घ्यावे लागते. सोमेश्वराच्या तूस-कापसाच्या जागी सिलिका आली आणि सावलीच्या जागी हवा खेचणारा पंप आला, एवढाच काय तो फरक.

सुरतेच्या कामातला खरा नवेपणा वॅक्स सेटिंगमध्ये आहे आणि त्यात मेणाच्या आकृतीचे काम सोमेश्वराला सुचलेही नसते इतके वाढले आहे. पूर्वीपासूनची रीत अशी की सोन्याची अंगठी तयार झाल्यावर कारागीर भिंगाखाली एकेक हिरा बसवतो आणि त्याच्या भोवतीचे सोने टोचणीने दाबतो. वॅक्स सेटिंगमध्ये हिरा मेणातच बसवतात. मेण मऊ असल्यामुळे बारीक हिरे भराभर बसतात, आणि ज्या हातांना सोन्यावर बसायला वर्षे लागली असती ते मेणावर काही महिन्यांत तयार होतात. बारीक हिऱ्यांनी भरलेला, सर्वसामान्य ग्राहकाला परवडणारा दागिना बाजारात आला तो यामुळे.

मग हिऱ्यांसकट मेण प्लास्टरमध्ये जाते आणि कामातली अवघड घटका येते. मेण निघून गेले आहे आणि सोने अजून आलेले नाही, त्या वेळी हिरा कशाच्या आधारावर असतो? मेणाच्या नमुन्यात प्रत्येक हिऱ्याच्या खाली भोक ठेवलेले असते. त्या भोकातून प्लास्टर हिऱ्याच्या तळाला आणि वरून त्याच्या माथ्याला धरून ठेवते. भोक बुजले असेल तर हिरा पोकळीत सैल सुटतो आणि सोन्याच्या लोंढ्याबरोबर वाहून दागिन्याच्या भलत्याच भागात अडकतो. शेजारच्या दोन हिऱ्यांत केसाएवढे अंतर ठेवावे लागते, कारण सोने निवताना आकसते आणि चिकटून बसवलेले हिरे एकमेकांवर दाबून फुटतात. हिरा कार्बनचा असल्यामुळे हवेत फार तापला तर पृष्ठभागावरून जळू लागतो आणि दुधी दिसतो. म्हणून अशा नळकांड्यांची भट्टी ७३० ऐवजी ६५० अंशांच्या आसपास थांबवतात आणि प्लास्टरच्या पाण्यात बोरिक ॲसिड घालतात. त्याचा पातळ लेप हिऱ्याला हवेपासून वाचवतो. सोने ओतल्यावर साधे नळकांडे पाण्यात बुडवून प्लास्टर फोडता येते. हिरे असतील तर ते आधी निवू द्यावे लागते, नाहीतर दगड तडकतात. माणिक आणि नीलम हा ताप सोसतात. पाचू, ओपल, मोती सोसत नाहीत. ज्या हिऱ्यात आधीच भेग आहे तोही सोसत नाही, म्हणून मेणात बसवायचे हिरे आधी भिंगाखाली निवडून घेतात.

जेट मशिनच्या पाण्याने प्लास्टर धुतल्यावर सोन्याचे झाड बाहेर येते. मेणाच्या झाडाची ती हुबेहूब प्रत असते. अंगठ्या कापून घेतात, खोडाचे सोने पुन्हा मुशीत जाते. फाइलिंग, पॉलिश, रोडियम यांनंतर ग्राहकाला दिसते त्यात मेणाची खूण राहात नाही. तरीही त्या अंगठीचा आकार, हिऱ्यांची ओळ, नखीची उंची, वजन आणि म्हणून किंमतही मेणाच्या टेबलावर ठरलेली असते. सोन्याने फक्त जागा भरलेली असते. या धंद्यात मेणाला कच्चे काम म्हणतात, आणि मजुरीही बहुधा त्याच समजुतीने ठरते. ही समजूत चुकीची आहे. भिंगाखाली मेणात हिरा बसवणारी बाई आणि अकोट्याच्या चवरीधारिणीचा ओठ घडवणारा शिल्पी यांचे काम एकाच जातीचे आहे. पुढे येणारा धातू त्यांची चूकही जशीच्या तशी घेतो आणि सफाईही.

अलीकडे ही पायरीही बदलते आहे. त्रिमितीय छपाईचे यंत्र संगणकावरील आराखड्यावरून थेट मेण किंवा जळून जाणारी रेझिन छापते, आणि चांदीचा नमुना, रबर कटिंग, इंजेक्शन हे तिन्ही टप्पे गळतात. एकुलता एक नग करायचा तर हे स्वस्त पडते. हजार नग करायचे तर रबर अजून टिकून आहे. कोरून मेण घडवणारे हात मात्र दोन्हीकडे कमी होत आहेत. हिरव्या कडक मेणाच्या ठोकळ्यातून करवतीने आणि चाकूने गणपती काढणारा कारागीर आज सुरतेत शोधावा लागतो.

सुरतेतील मराठी वस्ती मुख्यतः खानदेशातून आलेली. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत ती राहते आणि तिचे पोट बहुतांशी कापडाच्या धंद्यावर चालते. हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे हिरा घासण्याच्या चाकावर, सौराष्ट्रातला माणूस अधिक दिसतो. दागिन्यांच्या कारखान्यांत ही वाटणी इतकी पक्की नाही, कारण मेणाचे काम नवे आहे आणि ते कोणत्याच जातीचे वा गावचे वतन झालेले नाही. महापालिका शहरात मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्या शाळांतली मुले सहलीला विज्ञान केंद्रात जातात आणि तिथेच सरदार वल्लभभाई पटेल संग्रहालयही आहे. हिऱ्यांच्या कारखानदारांनी त्या संग्रहालयाला एक काचपेटी द्यावी. तीत चांदीचा मूळ नमुना, कापलेला रबराचा साचा, मेणाचे झाड, फोडलेले प्लास्टर, सोन्याच्या जागी पितळेत ओतलेले झाड आणि शेवटी अंगठी, असे सहा नग ओळीने मांडावेत आणि खाली गुजराती व मराठीत कृती लिहावी. मेणाच्या झाडाखालच्या पाटीवर ते घडवणाऱ्या कारागिराचे नावही असावे.